वार

दर अठ्ठाविसाव्या दिवशी मी या दरीत येते.
गाडीत पेनिसिलीनचा थंड डबा,
आणि इहायासाठी एक संत्रं.
ते तो घेतो, पण माझ्यासमोर सोलत नाही.

अकरा वर्षांचा आहे.
गेल्या हिवाळ्यात नुसता घसा दुखला होता.
मग एक गुडघा सुजला, मग दुसरा,
मग हृदयाची झडप नीट मिटेना,
या घराच्याच दारासारखी:
ओल पिऊन फुगलेली, चौकटीत न बसणारी.
एकविसावं लागेपर्यंत सुई.
मी एकदा हिशेब केला होता. अजून एकशे तीस.

फॉर्मवर एक रकाना रिकामा राहिलेला.
कौटुंबिक इतिहास. दोन ओळींची जागा.
त्याच्या आजोबांची बहीण पिरिहीरा
चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, लिही.

लिही, माझ्या पणजोबाच्या डोळ्यांदेखत
साखळी घेऊन माणसं आली, जमीन मोजायला.
मोजणीचा खर्च आमच्याच माथी.
तो फिटेना, म्हणून मोजलेली जमीन गेली.

लिही, दलदल उपसली.
तिच्यात वाम होते, मांडीएवढे जाड,
धुरावर टांगले की थंडीभर पुरायचे.
आता तिथे दुसऱ्यांच्या गायी.
पहाटे दुधाचा टँकर आमच्या दारावरून जातो
आणि दुकानात दुधापेक्षा लाल सरबत स्वस्त.

लिही, अठरा सालच्या तापात
माझी आई सहा वर्षांची होती.
तिने खिडकीतून सोळा मोजले.
पुढचे आकडे तिला येत नव्हते.

पानं उकळून देणारा तिचा मामा होता,
त्याला कायद्याने बंदी.
डॉक्टर चाळीस मैलांवर, नदीला पूल नाही.

आणि हे लिही, नको लिहू,
शाळेत मी पाणी मागितलं, आमच्या भाषेत.
तळहातावर वळ उठले.
तेव्हापासून कुठे दुखतं ते मी कुणाला सांगत नाही.
तुलाही नाही.

माझं पेन दुसऱ्या ओळीच्या टोकाशी थांबलेलं.
कार्यालयाला हवं होतं, हो किंवा नाही.

मग तिने फ्रीझर उघडला.
मटारच्या पाकिटांमागे आइस्क्रीमचा डबा,
झाकणावर जाड अक्षरांत: खाऊ नका.
आत इहायाच्या नव्या बहिणीची वार.
बहीण आतल्या खोलीत आईच्या कुशीत,
पाळणा भिंतीपासून हातभर लांब ओढलेला,
भिंतीवर काळी बुरशी चढते म्हणून.

आमच्यात जमिनीला आणि वारेला एकच शब्द,
पिरिहीरा म्हणाली. फेनुआ.
जिचं तिला परत द्यायचं.
माझी इस्पितळाने जाळली. माझ्या पोरांचीही.

मी म्हटलं, माझ्या भाषेत
वार म्हणजे आठवड्यातला दिवसही,
कापड मोजायचं मापही,
आणि घावही.

ती बराच वेळ हसली. मग खोकली.
म्हणाली, म्हणजे साखळी तुमच्याकडेही आली होती.

पुरायची कुठे, एवढाच प्रश्न होता.
त्यांचं तोताराचं झाड कुंपणापलीकडे,
आणि शेतमालक दोन दिवस फोन उचलत नव्हता.
इहाया फावडं घेऊन पुढे झाला.
चढावर दोनदा थांबला,
मी बघते आहे हे बघून
बुटाची नाडी बांधतोय असं दाखवलं.
हाताची नाडी मी नंतर पाहिली.

तारेखालून आम्ही एकेक वाकून गेलो.
पिरिहीरा सगळ्यांत शेवटी, डबा पोटाशी धरून.
गायी जरा बाजूला सरकल्या.